अण्णांचा पंचविसावा आरा

वाटूर फाट्यावर तुमची गाडी बंद पडली, तर लोक आधी तुम्हाला चहा पाजतात आणि मग अण्णांकडे पाठवतात. अण्णा म्हणजे अण्णासाहेब मगरे. पस्तीस वर्षं गॅरेज चालवलं. ट्रॅक्टर, जीप, ट्रक, एकदा तर वरातीतली बॅण्डची गाडीसुद्धा नवरदेव घोड्यावर ताटकळत असताना चालू करून दिली. आता गुडघे बसू देत नाहीत, म्हणून गॅरेज मुलगा सुमित बघतो आणि अण्णा घरी असतात. बोटं मात्र अजून तशीच. जाड, चपटी, नखांच्या कडेला ऑइल कायमचं मुरलेलं. या बोटांत पाना शोभतो, फार तर तंबाखूची पुडी. आणखी काही शोभेल असं मलाही कधी वाटलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी मेच्या भर दुपारी मी त्यांचा पाना परत द्यायला गेलो. दार आतून ओढलेलं. बाहेर बेचाळीस डिग्री, आणि हा माणूस दारं-खिडक्या लावून बसलेला. मी ढकललं तर अण्णा पलंगावर पेपर वाचत होते. पेपर उलटा होता. पेपराखालून एक गुलाबी दोरा निघून पलंगावरून खाली लोंबत होता, आणि पलंगाखाली एक गुंडा हळूहळू गरगरत होता.

"काय वाचून राह्यले अण्णा?"

"बातम्या."

"उलट्या?"

अण्णांनी पेपराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, गुंड्याकडे पाहिलं. मग पेपर बाजूला ठेवला. हातात क्रोशाची सुई होती आणि मांडीवर गुलाबी पाकळ्यांचा अर्धा रुमाल. रुमाल इतका सुबक की मला चिडवायला लगेच काही सुचलं नाही. माझ्या बाबतीत हे फार क्वचित होतं.

"दार लाव," अण्णा म्हणाले. "आन् बाहेर बोललास तर याच पान्यानं तुझी नटं ढिली करीन."

मी दार लावलं. तेव्हापासून मी त्या कटात आहे.

त्यांना हे कुणी शिकवलं, ते मी नंतर हळूहळू काढून घेतलं. बारा-तेरा वर्षांपूर्वी मंठ्याकडे निघालेली एक काळीपिवळी जीप त्यांच्या गॅरेजसमोर बंद पडली. क्लचप्लेट परतूरहून यायची होती. बाकीच्या प्रवाशांनी ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि दुसरी गाडी पकडली. अरुंधतीबाई नावाच्या एक शिक्षिका तेवढ्या बाकड्यावर बसून राहिल्या. त्यांनी पिशवीतून दोरा काढला आणि विणायला लागल्या. अण्णा जीपखाली आडवे. तिथून त्यांना फक्त बाईंची बोटं दिसत होती. तासाभरानं ते बाहेर आले आणि विचारलं, "बाई, गाठ कुठं मारून राह्यल्या तुम्ही?"

"गाठ नाहीच मारत," बाई म्हणाल्या. "एका फासातून दुसरा काढायचा. एकच दोरा असतो सगळा."

अण्णांना हे पटेना. नट नाही, बोल्ट नाही, वेल्डिंग नाही, आणि तरी धरून राहतं! त्यांनी हात धुतले, रॉकेलनं आणि मग साबणानं, आणि बाईंच्या शेजारी बसले. साखळी घालायला शिकले, खांब शिकले. खांब म्हणजे क्रोशातला उभा टाका. तेवढ्यात क्लचप्लेट आली. जाताना बाई ती सुई त्यांनाच देऊन गेल्या. पुढचं सगळं अण्णा स्वतःच शिकले, जुने रुमाल उसवून बघत आणि नंतर मोबाइलवर व्हिडिओ लावून. आवाज बंद ठेवून.

"पर लपवायचं काय त्यात?" मी एकदा विचारलं.

"फाट्यावर बसून बघ एक दिवस," ते म्हणाले. "माझ्या हातचं इंजिन बराबर झालं न्हाई तं लोक म्हंतील, अण्णा रुमाल विणून राह्यलाय, आता त्याच्याच्यानं काय हुतंय. गिऱ्हाइकाला निमित्तच पाहिजे."

आता गिऱ्हाईक सुमितचं होतं, तरी भीती अण्णांचीच राहिली होती. आणि खरी अडचण वेगळीच होऊन बसली होती. पहिला रुमाल त्यांनी टीव्हीवर टाकला, तेव्हा घरी आलेल्या त्यांच्या बहिणीनं तो उचलून डोळ्यांशी नेला. "वहिनी! काय हात हाय गं तुझा!"

वहिनी म्हणजे अण्णांची बायको, बेबीनंदाकाकू. शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवतात. दीडशे पोरांच्या खिचडीला मीठ डोळ्यांच्या अंदाजानं टाकतात आणि कधी चुकत नाहीत. पण सुई-दोऱ्याशी त्यांचं जन्मापासून वाकडं. सुमितच्या शर्टाला एकदा बटण लावलं, तर पुढची बाजू मागच्या बाजूला शिवली. पोराला शर्ट डोक्यातून घालता आला, काढता येईना. अशा बाईला नणंदेनं हे म्हटलं. काकू तोंड उघडणार, तेवढ्यात अण्णांनी डोळ्यांनी अशी विनवणी केली की काकू गप्प बसल्या. काकूंच्या आयुष्यातली ती एकमेव चुप्पी. बारा वर्षं पुरली.

कारण मग अण्णा थांबेचनात. सव्वीस जानेवारी आली की शाळेच्या पोरांसाठी छातीला लावायची तिरंगी फुलं. भीमजयंतीला निळी फुलं, पिन लावून, दोनशे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला विहाराच्या दाराला पाच रंगांचं तोरण. शेजारच्या कल्याणीताईंना दिवाळीत पणत्यांखाली ठेवायला चकत्या. सणाच्या महिनाभर आधीपासून अण्णांच्या चेहऱ्यावर परीक्षेतल्या हुशार पोरासारखी चमक यायची. विकायचं नाव नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "त्यात मजा हाये ना, तीच राहू द्या." हे अर्थात माझ्यापाशी. बाहेर सगळं काकूंच्या नावावर जमा.

दोऱ्याची खरेदी माझ्याकडे. मी जालन्याला कामाला जातो-येतो, तेव्हा तिथल्या मस्तगडच्या एका दुकानातून आणायचो. वाटूरात घेतला असता तर संध्याकाळपर्यंत फाट्यावर कळलं असतं. दुकानदार मला दर वेळी विचारायचा, "काय, लग्न ठरलं का? वहिनी हौशी दिसतात." मी म्हणायचो, ठरतंय. अण्णांच्या हौशीपायी माझं लग्न मस्तगडात तीन वर्षं ठरतंच आहे.

फाट्यावरच्या रहीमभाई पंक्चरवाल्यांना ईदेला अण्णांनी पांढरी जाळीची टोपी करून दिली. म्हणजे काकूंनी दिली. रहीमभाई ती डोक्यावर चढवून सगळ्यांना सांगत फिरायचे, "भाभी के हाथ में जादू है." अण्णा शेजारी उभे राहून मान डोलवायचे, "हाय, जादू हाय." तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघवत नसे. स्वतःच्या लग्नात जेवायला न मिळालेल्या माणसासारखं तोंड.

यंदा बुद्धपौर्णिमेच्या महिनाभर आधी विहारात महिला मंडळाची बैठक झाली. मंडळाच्या अध्यक्ष दैवशालाताई. त्या अंगणवाडी सेविका. बोलताना समोरच्याला आपण तीन वर्षांचे असल्यासारखं वाटतं. त्यांनी जाहीर केलं की यंदा मूर्तीच्या मागं फ्लेक्स लावायचा नाही. पांढऱ्या भिंतीवर निळ्या दोऱ्याचं, हातानं विणलेलं, चोवीस आऱ्यांचं चक्र लावायचं. दोन हात रुंद. आणि करणार कोण? सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या.

काकू घरी आल्या त्या चप्पल न काढताच. मी तिथंच होतो.

"सुमितचे पप्पा, ऐकून घ्या. आता हे मला झेपायचं न्हाई. बायका म्हनत्यात, ताई, विणायला विहारात या, आम्ही बसू शिकायला. मी काय शिकवू त्यांना? दोरा कुठून धरत्यात ते मला म्हाईत न्हाई!"

"चक्र? चोवीस आऱ्यांचं?" अण्णांनी एवढंच ऐकलं होतं. "किती रुंद म्हन्ले?"

"रुंदी विचारून राह्यले तुम्ही! मी घरात विणते, माणसात माझा हात चालत न्हाई, असं खोटं बोलून आले मी. विहारात बसून खोटं. पंचशील घेतल्यालं हाय मी."

अण्णा जरा वरमले. "एवढं एक हू दे. पौर्णिमा झाली की सांगतो सगळ्यांना."

"कोण सांगणार?"

"मीच."

"भूषण, तू साक्षीला हायेस," काकू मला म्हणाल्या. "न्हाई सांगितलं तं खिचडीच्या पातेल्यावर उभी राहून मी सांगीन."

पुढचे वीस-पंचवीस दिवस अण्णांना मी इतकं खुशीत कधी पाहिलं नाही. वेल्डिंगवाल्याकडून सळईची गोल रिंग वाकवून आणली. काय करणार म्हणून त्यानं विचारलं तर म्हणाले, कोंबड्यांना झाकायला. मधला गोल विणला, त्यातून एकेक आरा काढला, शेवटी बाहेरची धाव, म्हणजे चाकाची गोल कड, आणि ती रिंगवर ताणून बसवली. मी मध्येच विचारलं, "मोजलं का?"

"तीनदा. पहिल्याच गोलात चोवीस खांब मोजून घेतले. पाया चोवीसचा, तं वर चोवीसच निघतील. पिस्टन आपोआप वाढत्यात का कधी?"

हे बिनतोड होतं. इंजिनाच्या बाबतीत या माणसाचं कधी चुकलेलं मला माहीत नव्हतं.

पौर्णिमेच्या दोन दिवस आधी सकाळी चक्र विहारात नेलं. काकू पुढं, मागं अण्णा आणि मी, शिडी घेऊन. बायका जमल्या होत्या. चक्र भिंतीवरच्या खिळ्याला अडकवून चादर बाजूला केली. निळा रंग पांढऱ्या भिंतीवर असा उठून दिसत होता की दुर्गाबाई नावाच्या एका म्हातारीनं तिथंच हात जोडले. काकूंच्या पाठीवर चार जणींचे हात पडले. अण्णा शिडीला धरून जमिनीकडे बघत होते, पण कान लाल झाले होते. खुशीनं.

दैवशालाताई मात्र मोजत होत्या. बोटानं, ओठ हलवत, अंगणवाडीतल्या पोरांना मोजतात तसं. शेवटाला आल्या आणि थांबल्या. पुन्हा सुरुवात केली. या वेळी मोठ्यानं. "...बावीस, तेवीस, चोवीस." आणि एक आरा उरला.

"पंचवीस," त्या म्हणाल्या.

सगळ्या बायका पुढं सरकल्या. प्रत्येकीनं मोजले. पंचवीसच.

"बेबीताई, असं कसं केलं गं? खिचडीत एक मूठ जास्त पडली तं चालतंय. चक्रात आरा जास्त न्हाई चालत. लेकरं बालवाडीत शिकत्यात चोवीस."

"एक कापून टाकू," कुणी तरी म्हणालं.

"मंग तिथं दात पडल्यावाणी दिसल!"

"म्हनून म्हन्लं व्हतं, विहारात येऊन बस," दैवशालाताई थांबायला तयार नव्हत्या. "एकटीनंच करायचं, एकटीचंच नाव व्हायला पाहिजे. शिकवायला नगं. आता बघ."

हे मात्र लागलं. काकूंचं तोंड उतरलं. त्या एका वाक्यात सगळं झटकून टाकू शकल्या असत्या. मी त्यांच्याकडे बघत होतो. आता पातेल्यावर चढतात असं मला वाटलं. पण त्या नवऱ्याकडे वळल्यासुद्धा नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या राहिल्या. शब्द दिला होता पौर्णिमेनंतरचा, आणि पौर्णिमा दोन दिवसांवर होती.

शिडी माझ्या अंगावर आली. अण्णांनी सोडली होती.

"ते तिनं न्हाई केलं," अण्णा म्हणाले. "मी केलंय."

बायका हसायला लागल्या. "अण्णा, बायकोची बाजू घेऊन राह्यले!" "बघा गं, असा नवरा पाहिजे." दैवशालाताईसुद्धा हसल्या. "बसा अण्णा, तुम्ही तुमचं शिडीचं बघा."

बारा वर्षं लपवलेली गोष्ट माणसानं भर विहारात कबूल केली आणि कुणी विश्वास ठेवेना. अण्णा गोंधळले. याची तयारी त्यांनी केलीच नव्हती. मग ते पुढं गेले. रिंग भिंतीवरून उतरवली, मांडीवर घेऊन फरशीवर बसले. गुडघे कटकट वाजले. धावेच्या शेवटाचा टाका नखानं मोकळा केला आणि दोरा ओढला.

"अवो!" काकू ओरडल्या.

ज्यांनी क्रोशाकाम उसवताना पाहिलं नाही, त्यांना सांगतो. विणायला महिना लागतो आणि उसवायला चहा प्यायला लागतो तेवढाच वेळ. धाव गेली, आरे एकामागून एक विरघळले, आणि चक्राच्या जागी निळ्या दोऱ्याचा ढीग झाला. बायका तोंडावर हात ठेवून उभ्या. मध्यात पहिला गोल तेवढा राहिला. अण्णांनी तो बोटावर धरला, डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ बघत राहिले. बंद इंजिनाला कान लावून ऐकायचे तसे.

"हितं," ते म्हणाले. स्वतःशीच. "ह्या तीन साखळ्या."

गोलात काम सुरू करताना पहिला खांब थेट घालता येत नाही. आधी तीन साखळ्या उभ्या करायच्या, आणि त्या तिन्ही मिळून पहिला खांब धरायचा. अण्णा त्यांना धरतच नव्हते. साखळी ती साखळी, खांब तो खांब. त्या सोडून त्यांनी चोवीस मोजले, आणि वर आरे काढताना साखळीच्या डोक्यातूनही एक निघाला. अरुंधतीबाईंनी हे सांगायच्या आतच क्लचप्लेट आली असणार. इतकी वर्षं प्रत्येक फुलाला एक पाकळी जास्तच होती. फुलाच्या पाकळ्या कोण मोजतंय?

"मी म्हनलं, जॅक म्हंजी काय चाक हाय का," अण्णा दैवशालाताईंना समजावत होते. "गाडी उचलायला लावलाय, निघून जाईल. पर हा तं गाडीखालीच राह्यला की. वजन घेऊन उभा हाय बिचारा. मोजायलाच पाहिजे व्हता."

खिशातून सुई काढून त्यांनी सहा साखळ्यांचा गोल केला. जाड बोटं अशी चालायला लागली की हसणाऱ्या बायका एकेक करून खाली बसल्या. "हा एक," अण्णांनी तीन साखळ्या दाखवल्या. "आता बाकीचे तेवीस."

दैवशालाताईंनी काकूंकडे पाहिलं. "म्हंजी ते तोरण?"

"त्यांचं."

"निळी फुलं? दोनशे?"

"त्यांची. मला बटण लावता येत न्हाई, दैवशाला. इच्यार सुमितला."

दैवशालाताईंनी पंखा सरकवून अण्णांच्या दिशेला केला. माफी मागायची त्यांची ती रीत असावी.

एरवी लपून जमेल तेवढंच विणायचे; आता दोन दिवस आणि दोन रात्री अण्णा विहाराच्या हॉलमध्ये बसून विणत होते, दारं उघडी. बातमी फाट्यावर पोचायला अर्धा तास लागला. दुपारपर्यंत बघे सुरू. एक ट्रॅक्टरवाला दारातून म्हणाला, "अण्णा, माझ्या जॉनीला स्वेटर व्हईल का?" जॉनी म्हणजे त्याचा ट्रॅक्टर.

"व्हईल," अण्णा मान वर न करता म्हणाले. "आधी त्याचं ऑइल बदल. तीन वर्षं झाली."

बघे हसले, पण हसणं ट्रॅक्टरवाल्यावर गेलं. हे अण्णांच्याही लक्षात आलं असावं. पुढच्यांना त्यांनी आपणहून बसायला सांगितलं.

रहीमभाई आले ते टोपी हातात घेऊनच. टोपीकडे पाहिलं, अण्णांच्या बोटांकडे पाहिलं. "मतलब, ये तूने...?"

"हां."

"दोन वर्षांपासून भाभीला दुवा देऊन राह्यलो मी. रोज!"

"मंग आता मला दे. जल्दी न्हाई, सावकाश."

रहीमभाईंनी टोपी डोक्यावर ठेवली, पुन्हा काढली, आतून-बाहेरून तपासली. "जादू मात्र आहे," असं काहीसं चिडल्यासारखं म्हणाले आणि शेजारी बसले. नमाजची वेळ होईपर्यंत गुंडा त्यांनीच धरला.

पौर्णिमेच्या सकाळी चक्र मूर्तीमागं लागलं. पहिल्याइतकं सफाईदार नव्हतं. घाईनं दोन-तीन आरे किंचित ढिले राहिले होते. वंदना झाली. खीरदानाला लोक रांगेत बसले. काकू मोठ्या पातेल्यापाशी, पळी हातात. दैवशालाताईंनी माइक घेतला आणि आभार मानायला सुरुवात केली. दूध कुणाचं, मांडव कुणाचा, आणि मग बारा वर्षांची सवय जिभेवर बसलेली, "सुंदर चक्र विणून देणाऱ्या आपल्या बेबीनंदाताई..."

"मी न्हाई!" पातेल्यामागून आवाज आला. त्याला माइकची गरज नव्हती. पळी वर गेली आणि तिच्या टोकावरून खिरीचा एक थेंब पुढच्या रांगेत पडला. "मी न्हाई, यांनी! हे काय बसल्यात खांबाआड!"

सगळी रांग वळली. अण्णा खरोखरच खांबाआड बसले होते. पुरुषांनी त्यांना हाताला धरून उठवलं. पांढराशुभ्र शर्ट, आणि हात कुठं ठेवावेत हे न कळल्यामुळे ते त्यांनी पाठीमागं घेतले.

"अण्णा, दोन शब्द!" कुणी तरी ओरडलं. दैवशालाताईंनी माइक पुढं केला.

अण्णांनी माइककडे असं पाहिलं की जणू तोही उघडून बघावा लागणार. लोक वाट बघत होते. काकू पळी धरून वाट बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर इतकी वर्षं चुकीच्या पत्त्यावर येणारं टपाल शेवटी योग्य माणसाला दिल्याचं समाधान होतं.

"मीच इणलंय," अण्णा म्हणाले. "चोवीस हायेत. मोजून घ्या."

आणि बसले. मग पहिल्या रांगेतल्या दुर्गाबाईंनी बोट वर केलं, आणि हातातली खिरीची वाटी तशीच ठेवून लोक खरोखरच मोजायला लागले.